रोज शंभर क्रंचेस, तरी पोटाचा घेर हलत नाही. नेमकं काय चुकतंय?

पाचचीगाडी

वय ३९, उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो. हातपाय बारीक, जे काही आहे ते सगळं पोटावर. पँट ३४ची बसते, पण पोटाच्या खाली. शिवणाच्या टेपने बेंबीवर ३७ इंच भरतात.

दोन महिने चालू आहे ते असं: सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, १०० क्रंचेस, संध्याकाळी अर्धा तास चालणं.

खाणं: सकाळी चहा-बिस्किटं, नऊला पोहे किंवा उपमा. डब्यात चार पोळ्या, भाजी, थोडा भात-वरण. पाचच्या सुमाराला वडापाव नाहीतर फरसाण. रात्री साडेनऊला तीन पोळ्या, भाजी, वरणभात. दिवसभरात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. घरात माणसं चार, तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो. झोप साडेबारा ते सहा. औषधं कुठलीही नाहीत.

पोटासाठी वेगळा व्यायाम आहे का? की पोळी बंद करून भाकरी सुरू करू? दीक्षितांचं दोनच वेळा जेवण की दिवेकरांचं दर दोन तासांनी खाणं, ते मात्र कृपया सुरू करू नका.

---

वजनकाटा

आधी माप. पँटचा नंबर आणि कमरेचा घेर यांचा काही संबंध नाही. पँट ढेरीखाली सरकत राहते आणि आपण ‘अजून ३४च’ म्हणून निर्धास्त असतो. बेंबीवर मोजणंही बेभरवशाचं, कारण पोट ओघळलं की बेंबीही खाली येते. सर्वात खालच्या बरगडीची कड बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. या दोघांच्या बरोबर मध्ये टेप आडवी, जमिनीला समांतर. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, उघड्या अंगावर. श्वास सहज सोडायचा आणि तिथेच वाचायचं. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतेल इतकी आवळायची नाही. दोनदा मोजा, एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आपल्याकडच्या माणसांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी. दुसरा सोपा नियम म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, तुमच्या बाबतीत ८४. पहिलं लक्ष्य ९० ठेवा, ८४चं पुढे बघू.

हातपाय बारीक आणि पोट पुढे, हा तर आपला खास साचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखेच. म्हणून ‘माझं वजन तसं फार नाही’ या वाक्यावर आपण विसंबू नये. कातडीखालची चिमटीत येणारी चरबी दिसायला वाईट, पण त्रास देते ती आतली, यकृत आणि आतड्यांभोवतीची. बाहेरून पोट टणक लागतं आणि तरीही पुढे असतं, ते बहुधा तिच्यामुळे. त्यातल्या त्यात बरी बातमी अशी की वजन उतरायला लागलं की सहसा आतली चरबी आधी हलते.

क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात. त्यांच्यावरची चरबी मात्र ते स्नायू खात नाहीत. चरबी वितळते ती अंगभरातून, रक्तावाटे, आणि आधी कुठली जायची ते आपल्या हातात नाही. शंभर क्रंचेसना लागतात चार-पाच मिनिटं. त्यात एका बिस्किटाएवढीही ऊर्जा धड खर्च होत नाही.

---

कडीपत्ता

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेलाच्या डब्याचं आहे. पाच लिटर, चार माणसं. माणशी महिन्याला सव्वा लिटर, म्हणजे दिवसाला ४२ मिली. वजनात साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. वडापावातलं आणि फरसाणातलं तेल यात धरलेलंच नाही.

माणशी दिवसाला २० मिली, म्हणजे चार छोटे चमचे, यावर या. चौघांचं आठवड्याचं तेल ५६० मिली होतं. रविवारी तेवढं मोजून एका बाटलीत काढा, डबा माळ्यावर ठेवा, बाटली रविवारपर्यंत पुरवा. रोज चमचे मोजायला कोणाला वेळ असतो? बाटली मात्र डोळ्यांसमोर असते, गुरुवारी ती निम्म्याखाली गेलेली दिसली की हात आपोआप आखडतो. शनिवारची भजी करायची तर तीही याच बाटलीतून.

कमी तेलात फोडणी जळते ही तक्रार हमखास येते. कारण असं की पसरट कढईत दोन चमचे तेल सगळीकडे पांगतं आणि मोहरी कोरडी पडते. छोटी, खोलगट, जाड बुडाची कढई घ्या, तेल तापवताना ती एका बाजूला कलती धरा आणि मोहरी त्या तेलाच्या डबक्यात टाका. कांद्यावर चिमूटभर मीठ घातलं की त्याला पाणी सुटतं, परतायला जास्तीचं तेल लागत नाही. भाजीवर ताट झाकून ताटात पाणी ठेवायची जुनी पद्धत आहेच. भाजी खाली लागायला लागली की तेलाचा चमचा उचलू नका, ताटातलं तेच गरम पाणी घाला. आणि दाण्याचं कूट: दोन मोठे चमचे म्हणजे साधारण ९० कॅलरी. कूट वाईट नाही, पण मुठीने पडतं.

आता बाकीचं. चार चहांत आठ चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं बरं म्हणते, आणि तुमचा तो आकडा चहातच ओलांडला जातो. एकदम बंद केलीत तर चार दिवसांत परत दोन चमच्यांवर याल. दर आठवड्याला प्रत्येक कपातून अर्धा चमचा कमी करत अर्ध्या चमच्यावर या, जीभ जुळवून घेते. ऑफिसात मशीनचा चहा असेल तर त्याच्या पुडीत साखर आधीच मिसळलेली असते, तो सोडलेलाच बरा. सकाळचा मध हीसुद्धा साखरच, एका मोठ्या चमच्यात ६० कॅलरी. गूळही त्याच रांगेत. लिंबूपाणी खुशाल प्या, पण त्याने चरबी विरघळत नाही.

आणि भाकरीचं: शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि शंभर ग्रॅम कणीक, दोन्हीत ऊर्जा जवळपास सारखीच. पोळीला ३५ ग्रॅम कणीक लागते, भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ. म्हणजे एक भाकरी ही दोन पोळ्यांच्या बरोबरीची. तीन पोळ्या बंद करून तीन भाकऱ्या खाणारे लोक मग ‘भाकरीनेही काही होत नाही’ म्हणतात. भाकरीचा खरा फायदा वेगळा: घडीत तेल नसतं, चावायला वेळ लागतो, एकीतच पोट भरतं. जेवणाला एक भाकरी किंवा दोन पोळ्या. दोन्ही नकोत.

---

पाचचीगाडी

बापरे, तेलाचा हिशोब कधी केलाच नव्हता. पण दिवसाच्या सात पोळ्यांच्या चार झाल्या तर अकराला पोटात कावळे ओरडणार. त्याचं काय करायचं?

---

नाचणी

कावळे ओरडतात कारण ताटात प्रथिनं नाहीत. ‘वरण खातो की’ असं सगळेच म्हणतात. पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, त्यातून प्रथिनं मिळतात तीन-साडेतीन ग्रॅम. बाकी पाणी आणि हिंगाचा वास.

तुम्हाला दिवसाला ६५ ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ती अशी जमतात: चार पोळ्यांतून १६. मटकी किंवा मुगाची घट्ट उसळ दोन वेळा, दर वेळी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य, त्यातून १४. दोन अंडी १२. एक वाटी घरचं दही ६. मूठभर भाजलेले चणे, ३० ग्रॅम, त्यातून ६. पेलाभर दूध ६. इथे ६० झाले. उरलेल्यांसाठी २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (१३ ग्रॅम) किंवा बांगड्याचा नाहीतर चिकनचा ७० ग्रॅमचा तुकडा. मासा तळला तर त्याचं तेल बाटलीतूनच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ताटाचा क्रमही बदला. आधी काकडी-कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात सगळ्यात शेवटी. भात वाढून घेतानाच वाटीने मोजा. शिजलेल्या एका वाटीत दीड-पावणेदोनशे कॅलरी. दोन्ही वेळा पोळी आणि दोन्ही वेळा भात, असं नको. रात्री हवा असेल तर दुपारचा सोडा.

पोहे सोडायची गरज नाही. ५० ग्रॅम पोहे, एक चमचा तेल, त्यात मटार, फ्लॉवर, गाजर पोह्यांच्या बरोबरीने, आणि शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. बशीत शेव घेऊ नका.

पाचचा वडापाव ही सवय नाही, भूक आहे. दुपारी एक ते रात्री साडेनऊ म्हणजे साडेआठ तासांचं अंतर, वडापाव आठवणारच. साडेचारलाच चणे आणि ताक घेतलंत तर वडापावच्या गाडीसमोरून पुढे जाता येतं. आठवड्यातून एकदा खा, मोजून खा, पण तो रोजचा पाचचा चहा होऊ देऊ नका.

हिशोब: तेलात १८०, चहात १२०, पोळ्या कमी करून उसळ वाढवली तरी १५० ते १८०, वडापावाऐवजी चणे म्हणजे आणखी १९०. कागदावर साडेसहाशेच्या आसपास. प्रत्यक्षात वाढदिवसाचा केक आणि पाहुण्यांची श्रीखंड-पुरी धरली तर ४०० ते ५०० हाती लागतील. तेवढे पुरे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, घेर महिन्याला दीड-दोन सेंमी. पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं तर नाचू नका, त्यात बरंचसं पाणी असतं.

---

उंबरठा

दीक्षित-दिवेकर नको म्हणालात, तरी एक ओळ. दोन वेळा खा की दर दोन तासांनी खा, दोन्हींकडचे लोक बारीक झालेले दिसतात, जर एकूण खाणं कमी झालं असेल तर. दोनच वेळा जेवणाऱ्यांची चूक ठरलेली: ५५ मिनिटं मिळाली आहेत म्हणून त्यात जेवण, गोड आणि फरसाण सगळं बसवतात. दर दोन तासांनी खाणाऱ्यांची चूक उलटी: मधलं खाणं वाढतं, जेवण तेवढंच राहतं.

श्रावण जवळ आला की उपासांचं बघा. साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, तूप दोन चमचे: खिचडीच्या एका बशीत पाचशेच्या वर कॅलरी. वर बटाट्याचे पापड. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगाच नाही म्हणत. भगर, दही, रताळं, राजगिरा, एक फळ, यात उपास व्यवस्थित होतो. भगरीचंही प्रमाण बघा, तीही धान्यच.

---

पायवाट

व्यायामाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

तुमचं अर्धा तास चालणं फोनवर बोलत असेल तर ते फिरणं झालं. चाचणी सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मिनिटाला शंभरच्या वर पावलं, एक किलोमीटर दहा-अकरा मिनिटांत. आठवड्याला किमान १५० मिनिटं असं, घेर उतरवायचा तर २०० ते ३००. एकत्र अर्धा तास जमत नसेल तर सकाळी १५, रात्री १५, तेही चालतं. जेवणानंतरची शतपावली चालू ठेवा, १० मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. पण ती वरच्या मिनिटांत मोजू नका.

क्रंचेसची ती वेळ आठवड्यातून तीन दिवस अर्ध्या तासाच्या ताकदीच्या व्यायामाला द्या. घरातच होतं:

खुर्चीवर बसून उठणं, हात छातीशी, १२ वेळा. जमायला लागलं की खुर्ची काढा, बैठका करा.
ओट्यावर हात ठेवून तिरके जोर, ८ ते १२. पुढे तेच खाटेच्या काठावर, मग जमिनीवर.
पाठपिशवीत पाच किलो तांदूळ भरून, कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून पिशवी बरगडीपर्यंत ओढणं, प्रत्येक हाताने १०.
पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, १५.
प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं, २० सेकंद.

या पाचांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट. शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्या पाहिजेत. सहज जात असेल तर पुढच्या आठवड्यात एक किलो तांदूळ वाढवा. बरेच जण दोन महिने तेच वजन आणि तेवढ्याच खेपा करत राहतात आणि मग ‘शरीराला सवय झाली’ म्हणतात. झालीच असणार.

प्लँकमध्ये कंबर खाली झोल खाते आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. ढुंगण किंचित आवळा, बेंबी आत घ्या. कंबर झुकायला लागली की तिथेच थांबा, मग बारा सेकंद झालेले असले तरी. श्वास कोंडू नका, रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच.

सूर्यनमस्कार चांगलेच, पण रथसप्तमीला एकदम १०८ घालून पुढचे आठ दिवस मांड्या धरून बसण्यापेक्षा रोज १२.

---

वजनकाटा

झोप राहिली. साडेबारा ते सहा म्हणजे साडेपाच तास. अमेरिकेत मेयो क्लिनिकने २०२२ साली एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला, माणसं फक्त १२ होती. दोन आठवडे चार तासच झोपू दिलं आणि समोर हवं तेवढं खाणं ठेवलं. लोक दिवसाला ३००च्या वर जास्त कॅलरी खाऊ लागले, वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं, पण पोटातली आतली चरबी ११ टक्क्यांनी वाढली. पुरावा छोटा आहे, तरी दिशा कळते. साडेअकराला दिवा बंद करा. त्यासाठी साडेनऊचं जेवण साडेआठला आणावं लागेल. गाडी उशिरा पोचत असेल तर निम्मं जेवण ऑफिसातच सहाला, घरी फक्त उसळ आणि दही.

शनिवारचं कोणी विचारलं नाही. ६० मिली व्हिस्कीत १४० कॅलरी, ६५० मिली बिअरच्या बाटलीत अडीचशे ते तीनशे. खरा घात चखण्यात. ५० ग्रॅम फरसाण, आणखी पावणेतीनशे.

---

रानफूल

मध्येच विचारते, क्षमा. बाळ १४ महिन्यांचं, वजन जवळपास पूर्वीएवढं झालंय, पण संध्याकाळपर्यंत पोट पाच महिन्यांचं दिसतं. हाच कार्यक्रम करू का?

---

पायवाट

ताई, आधी एक तपासा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोकं आणि खांदे थोडे उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आडवी दाबा. दोन किंवा जास्त बोटं खड्ड्यात जात असतील, किंवा मधोमध कण्यासारखा उंचवटा वर येत असेल, तर पोटाचे उभे स्नायू अजून एकमेकांपासून दूर आहेत. दिवस मावळता पोट फुगल्यासारखं दिसणं हेही त्यातच येतं. अशा वेळी क्रंचेस, जोर आणि सरळ प्लँक नकोत, फट वाढू शकते.

करायचं ते असं: झोपून श्वास सोडत ओटीपोट आत घ्यायचं आणि एक टाच जमिनीवरून सरकवत पाय सरळ करायचा, परत आणायचा, प्रत्येक पायाने १०. कंबर उचलण्याचा व्यायाम चालेल. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा, बाळाला घेऊन उठतानाही. सिझेरियन झालं असेल, बेंबीजवळ गाठ येत असेल किंवा खोकताना लघवी सुटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना दाखवूनच पुढे जा. आणि अंगावर पाजत असाल तर खाणं एकदम कमी करू नका.

---

नाचणी

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही लिहून ठेवते. ९० किंवा ८०च्या वर घेर असेल तर एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) बघून घ्यावं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी आली तर घाबरू नका, वजन ७ ते १० टक्के उतरलं की तिच्यात चांगला फरक पडतो. तुमच्या ७४ किलोंवर ते पाच ते सात किलो होतात.

पोट झपाट्याने वाढलं आणि हातपाय मात्र बारीक होत गेले, पायांवर सूज आली, कातडीवर बोटाएवढ्या रुंद जांभळ्या रेघा उमटल्या, जरा लागलं तरी काळं-निळं झालं, तर ही नेहमीची ढेरी नाही, वाट बघू नका. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणं कमी करण्याआधी मात्रा विचारून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाईल.

---

पाचचीगाडी

तेल आज मोजून बाटलीत काढलं. बरगडी आणि हाडाच्या मध्ये मोजलं तर ९६ सेंमी. हाच आकडा वहीत लिहू ना? आणि रोज मोजायचं का?

---

वजनकाटा

टेप शिवणाच्या डब्यातली, कापडी, जुनी असेल तर आधी स्टीलच्या फूटपट्टीवर लावून बघा. अशा टेप वापरून ताणल्या जातात आणि घेर कमी दाखवतात. टेपवरचे ३० सेंमी पट्टीवर ३०.६ भरले तर तुमचे ९६ म्हणजे खरे ९८. फायबरची नवी टेप घ्या आणि तीच शेवटपर्यंत वापरा.

रोज नको. घेर दर १५ दिवसांनी, त्याच वेळी. वजन आठवड्यातून तीनदा करून त्याची सरासरी लिहा, एका दिवसाच्या वजनात जेवणातलं मीठ आणि बद्धकोष्ठ दोन्ही बोलतात. चार आठवडे घेर आणि वजन दोन्ही हललं नाही, तर आधी तेलाची बाटली कुठल्या वारी संपते ते इथे लिहा.